एक डोळा लाल, एक पांढरा

जवळजवळ आठवडाभर माझा डावा डोळा लालभडक होता आणि उजवा स्वच्छ पांढरा. समोरचा माणूस आधी एका डोळ्याकडे बघायचा, मग दुसऱ्याकडे, आणि शेवटी नजर चुकवून माझ्या कपाळाशी बोलायला लागायचा. "डोळे आलेत का?" असं विचारावं तर आलेला एकच दिसतोय, अशी त्यांची पंचाईत. हा प्रकार मी मुद्दाम करून घेतला होता, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कुठलाही संसर्ग झालेला नव्हता. दीड वर्ष डोळे पांढरे करायचे थेंब घालून घालून मी ते लाल करून ठेवले होते, आणि आता ते एकेक करून सोडवत होते.

मी मुद्रितशोधन करते. दिवसाचे आठ-नऊ तास दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार तपासायचे, म्हणजे अक्षरशः डोळ्यांत तेल घालून वाचायचं काम. अर्धं कागदावर, अर्धं पडद्यावर. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, कडा लाल व्हायच्या, पापणीखाली वाळूचा कण अडकल्यासारखं खुपायचं. ते सहन होत होतं. सहन होत नव्हतं ते लोकांचं विचारणं. "रात्री झोपली नाहीस का?" "रडलीस की काय?" एकदा एका महत्त्वाच्या बैठकीला जायचं होतं, तेव्हा एका मैत्रिणीने पर्समधून छोटी बाटली काढली आणि म्हणाली, "अगं, दोन थेंब टाक, बघ जादू."

जादूच होती. थेंब पडल्यावर क्षणभर गार लागलं, किंचित झोंबलं, आणि आरशासमोर उभी असतानाच लाली ओसरू लागली. कडेकडेच्या बारीक लाल रेघा खोडरबराने पुसाव्यात तशा नाहीशा झाल्या. मी दुसऱ्याच दिवशी औषधांच्या दुकानातून तीच बाटली आणली. चिठ्ठी लागली नाही. चिठ्ठी लागत नाही म्हणजे औषध निरुपद्रवी, हा हिशेब माझा मीच केला.

सुरुवातीला सकाळी एकदा. दोन-तीन महिन्यांनी दुपारच्या जेवणानंतर एकदा, कारण तोवर सकाळचा असर संपलेला असायचा. मग संध्याकाळी. मग एक दिवस रात्री झोपण्याआधीसुद्धा थेंब घातले, आणि घातल्यावर लक्षात आलं की आता मला कोण बघणार आहे? तरी घातले. कारण एव्हाना लाली नुसती दिसत नव्हती, जाणवत होती. थेंबांचा असर उतरला की डोळे तापल्यासारखे व्हायचे, जड व्हायचे, आणि आधी कधी नव्हते एवढे लाल व्हायचे. मला वाटायचं काम वाढलंय, पडदा जास्त बघतेय. बाटलीवर संशय घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही. रोज वाचवायला येतो त्याच्यावर कोण संशय घेणार?

आणखी एक गोष्ट व्हायची, तिचा अर्थ मला नंतर कळला. थेंब घातल्यावर मिनिटाभरात घशाशी कडवट चव यायची. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला, सुईच्या टोकाएवढं एकेक भोक असतं. डोळ्यातलं जास्तीचं पाणी तिथून नाकात उतरतं, म्हणून तर रडताना नाकही वाहतं. त्याच वाटेने माझे थेंब नाकात, घशात आणि तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जात होते. मी ती कडू चव गिळून टाकायची आणि पुढचं पान घ्यायची.

डॉक्टरांकडे गेले तीही थेंबांची तक्रार घेऊन नव्हे. "हल्ली हे थेंब पूर्वीसारखे चालत नाहीत, जरा जास्त जोराचे द्या," असं सांगायला गेले होते. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "बाटली किती दिवसांत संपते?"

"दहा-बारा दिवस जाते."

त्यांनी टेबलावरच्या कागदावर हिशेब मांडला. १० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २०० थेंब. दहा-बारा दिवसांत संपते म्हणजे दिवसाला सोळा ते वीस. दोन डोळे, प्रत्येकी दोन थेंब, चार ते पाच वेळा. "आणि किती महिने?" मी म्हटलं, दीड वर्ष. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण माझ्याकडे बघून किंचित हसल्या. एखाद्या लेखकाने पहिल्याच पानावर स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेलं दिसलं की मी जशी हसते तशा.

मग तपासणी. हनुवटी टेकवून सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्रात बघायचं, समोरून प्रकाशाची उभी पट्टी डोळ्यावरून सरकते. एका कागदी पट्टीच्या नारिंगी टोकाने त्यांनी डोळ्यात रंग लावला. निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो आणि जिथे डोळ्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा झालाय तिथे धरून राहतो. "आता पापणी मिटू नका," म्हणाल्या आणि मोजू लागल्या. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो किती सेकंदांनी फाटतो ते बघतात. दहा सेकंद टिकला तर बरं समजतात. माझा चौथ्या सेकंदाला फाटला. थोड्या वेळाने खालच्या पापणीत टिपकागदाच्या पट्ट्या अडकवल्या आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. त्या पाच मिनिटांत पट्टी दहा मिलिमीटरच्या पुढे भिजायला हवी. माझी एक सात आणि दुसरी सहा. पापण्यांच्या कडा दाबून बघितल्या, तिथल्या बारीक तेलग्रंथी तुंबलेल्या होत्या. डोळ्यातला दाब मोजला. बुबुळ आणि पारपटल, म्हणजे डोळ्याच्या समोरचा पारदर्शक भाग, यांच्यामधला कोन अरुंद नाही ना, तेही पाहिलं. ते का, हे मी विचारलं नाही. घरी येऊन पत्रक वाचल्यावर समजलं.

निदान त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मुळात डोळे कोरडे. त्या कोरडेपणाने चुरचुर आणि लाली, आणि त्या लालीवर मी ओतत होते रक्तवाहिन्या आवळणारं औषध. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अश्रू कमी होते तिथे अश्रू द्यायला हवे होते. मी मात्र शिरा झाकत बसले होते.

हे थेंब करतात काय, ते त्यांनी मला नीट समजावलं, आणि ते समजलं नसतं तर पुढचे चार आठवडे मी काढले नसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पारदर्शक पातळ पडदा असतो, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. डोळा चिडला की त्या फुगतात आणि आपल्याला लाली दिसते. माझ्या बाटलीत नॅफाझोलिन होतं. त्याची भावंडं म्हणजे टेट्राहायड्रोझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, आणि थोड्या वेगळ्या घरातलं फेनिलेफ्रिन. ही सगळी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना आवळायची आज्ञा देतात. वाहिनी आक्रसली की रक्त कमी, लाली गायब. चिडण्याचं कारण जागच्या जागी राहतं. रोज ही आज्ञा मिळत राहिली की स्नायू हळूहळू बहिरे होतात. तेवढ्याच थेंबांनी पूर्वीइतका परिणाम होत नाही आणि असर उतरला की वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त सैल पडतात. म्हणजे लाली दुप्पट. म्हणजे पुन्हा थेंब. बंद नाकासाठीचे फवारे याच जातीचे, आणि ते आठवडेच्या आठवडे वापरणाऱ्यांचं नाक सतत चोंदलेलं राहतं ते याच कारणाने. नाकाचं मला माहीत होतं! वडिलांना त्या फवाऱ्यावरून मी स्वतः बोलले होते.

त्यातच टिकाऊपणासाठी घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून ते असतं, आणि चार दिवसांच्या वापरात त्याचं काही वाटतही नाही. पण दिवसाला वीस थेंब, दीड वर्ष, आणि तेही आधीच कोरड्या डोळ्यावर! हिरवा रंग ज्या ठिपक्यांत धरून राहिला होता त्यात याचाही वाटा असणार, असं डॉक्टर म्हणाल्या.

मला वाटलं होतं अशी मी एकटीच शहाणी. तर म्हणाल्या, १९९७ साली अमेरिकेत या थेंबांनी डोळे बिघडलेल्या ७० रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. त्यातल्या निम्म्यांनी थेंब रोज तीन किंवा त्याहून जास्त वर्षं वापरले होते, काहींनी तर वीस वर्षांपर्यंत. थेंब थांबवल्यावर डोळे पूर्ववत व्हायला साधारण चार आठवडे लागले. कुणाचं आठवड्यात भागलं, कुणाला चोवीस आठवडे लागले. "तुम्ही कुठे बसाल ते सांगता येत नाही," एवढं प्रामाणिकपणे सांगून त्यांनी विचारलं, "एकदम सोडणार की एकेक डोळा?"

एकेक डोळा ही युक्ती ऐकून मला आधी हसू आलं. पण तिच्यात शहाणपण होतं. दोन्ही एकदम सोडले की दोन्ही लाल होतात, तिसऱ्या दिवशी माणूस घाबरतो आणि पुन्हा बाटली उघडतो. एकच सोडला की दुसरा शेजारीच असतो, ताडून बघायला. म्हणून डावा आधी. उजव्यात तोवर दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, एकेकच थेंब. दोन्ही डोळ्यांत टिकाऊ द्रव्य नसलेले कृत्रिम अश्रू, छोट्या छोट्या एकेरी कुप्यांमधले, दिवसातून सहा वेळा. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट ओला कपडा पापण्यांवर दहा मिनिटं, मग कडा हलक्या हाताने पुसायच्या. फार जळजळ झाली तर थंड पाण्याची घडी. आणि एक सूचना तीनदा: दुखायला लागलं, उजेड सोसेना, दिसायला कमी झालं किंवा पू येऊ लागला तर हे "सोडल्यामुळे" होतंय असं समजून घरी बसायचं नाही.

पहिले दोन दिवस सोपे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात डावा डोळा पाहिला आणि पोटात गोळा आला. लाल म्हणजे शिरा दिसताहेत असं नव्हे, सगळा पांढरा भागच गुलाबी-लाल, कडेला वीटकरी. जळजळ एवढी की पापणी मिटली तरी बरं वाटेना. बाटली समोरच्या फळीवर होती, कारण उजव्यासाठी लागत होती. हा त्या युक्तीतला एकच दोष. मी तीन वेळा हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी बाटली नेऊन आईच्या ताब्यात दिली. वयाच्या या टप्प्यावर आईकडे जाऊन "आई, माझे थेंब दे" म्हणायला लागलं की माणूस आपोआप कमी मागतो. आई घड्याळ बघून द्यायची. "सकाळीच घेतलेस ना गं?" म्हणायची.

कामावर मी सरळ सांगून टाकलं. "संसर्ग नाही, औषधाची सवय सोडतेय." हे ऐकून एकीने हळूच आपल्या खणातली बाटली दाखवली. दुसरीने संध्याकाळी फोन केला. माझ्या ओळखीच्या माणसांत किती जणांकडे ही बाटली होती, हे मला त्या आठवड्यात कळलं.

सहाव्या-सातव्या दिवशी जळजळ उतरणीला लागली. दहाव्या दिवशी डाव्याचा रंग फिकट गुलाबी. आणि साधारण सोळाव्या दिवशी संध्याकाळी, काम संपवून आरशात बघितलं तर गंमत दिसली. थेंब न घातलेला डावा बरा होता आणि दुपारी थेंब घातलेला उजवा, असर उतरल्यावर, त्याच्याहून लाल होता. पक्क्या खात्रीसाठी मी दिव्याखाली जाऊन पुन्हा पाहिलं. डॉक्टर जे कागदावर काढून सांगत होत्या ते माझ्याच तोंडावर छापून आलं होतं, डावीकडे शुद्ध प्रत, उजवीकडे कच्चं मुद्रित. त्या रात्री उजव्यातलेही थेंब बंद केले. त्याला मात्र बारा दिवसांत बरं वाटलं. कदाचित आधीच मात्रा कमी केली होती म्हणून, कदाचित आता मी घाबरत नव्हते म्हणून.

या काळात एका रविवारी मी पहिल्यांदा त्या बाटलीबरोबरचं पत्रक वाचलं. घडी घातलेला, कांद्याच्या सालीसारखा कागद, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. भिंग घेऊन बसले. दुसऱ्यांच्या पुस्तकातला एक अनुस्वार सुटला तर मला झोप लागत नाही, आणि हा कागद मी दीड वर्ष, दर दहा दिवसांनी एक, असा न उलगडता फेकत आले होते. चाळीस-पन्नास वेळा तोच मजकूर माझ्या हातातून गेला होता.

सगळं तिथे होतं. एक किंवा दोन थेंब, दिवसातून चार वेळांपर्यंत. ७२ तासांत लाली गेली नाही किंवा वाढली तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तीन दिवस! जास्त वापराने लाली वाढू शकते, हेही पांढऱ्यावर काळं. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर वापरू नका, कारण या औषधाने बाहुली थोडी मोठी होऊ शकते, आणि जिथे कोन आधीच अरुंद तिथे त्याने पाण्याची वाट बंद होऊन डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. डॉक्टरांनी कोन का पाहिला, ते इथे उमगलं. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक असणाऱ्यांनी आधी विचारावं. नैराश्यावरच्या काही विशिष्ट जुन्या गोळ्या चालू असतील तर तसंच. माझ्या आईला रक्तदाब आहे, आणि मागे एकदा तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं तेव्हा मी कौतुकाने तिलाही दोन थेंब घातले होते. हे वाचून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा कडू कडू लागलं होतं बाई."

पत्रकातल्या एका ओळीवर मात्र मी बराच वेळ थांबले. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळल्यास ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. अशी ओळ सगळ्याच औषधांवर असते म्हणून डोळा तिच्यावरून घसरतो. पण मला माझा भाचा आठवला. तीन वर्षांचा होता. बहीण राहायला आली होती आणि तो माझ्या पर्समधली बाटली काढून तोंडात धरून बसला होता, बाहुलीच्या दुधाच्या बाटलीसारखी. "मावशी, हे तुझं पाणी?" टोपण घट्ट होतं. आम्ही दोघी हसलो होतो, बहिणीने फोटोही काढला होता. पुढच्या भेटीत मी ते डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. डोळ्यात पडल्यावर जे औषध रक्तवाहिन्या आवळतं, तेच पोटातून मेंदूपर्यंत गेलं की उलटं वागतं. मूल पेंगुळतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, श्वास अडखळतो, बेशुद्धीही येऊ शकते. आणि त्याला अख्खी बाटली लागत नाही, एक-दोन मिलिलिटर पुरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली याबद्दल इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे १९८५ पासूनच्या अशा ९६ प्रकरणांची नोंद होती, सगळी मुलं पाच वर्षांपर्यंतची. असं झालं तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता मूल आणि बाटली दोन्ही घेऊन दवाखाना गाठायचा. तो फोटो बहिणीच्या फोनमध्ये अजून आहे. मी तिला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "ताई, मला तो आता बघवत नाही."

थेंब घालायचे कसे, हेही मी त्या भेटीतच शिकले. दीड वर्षात हजारो थेंब घातल्यावर! डॉक्टर म्हणाल्या, "घालून दाखवा." मी मान मागे टाकली, वरून बाहुलीवर नेम धरला, दोन थेंब सोडले आणि डोळे पटापट मिचकावले. तीन चुका, एका दमात. नेम बाहुलीवर धरायचा नसतो. खालची पापणी बोटाने ओढून जो खिसा होतो त्यात थेंब सोडायचा, नजर वर ठेवून. दुसरं, तो खिसा मुळात एवढासा की एका थेंबातलाही काही भाग बाहेरच येतो. दुसरा थेंब निव्वळ गालाला. म्हणजे माझ्या अर्ध्या बाटल्या रुमालाने वापरल्या. तिसरं, मिचकावलं की औषध त्या कोपऱ्यातल्या भोकातून नाकात ढकललं जातं. मिचकावण्याऐवजी डोळा हळू मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा. मी तसं करून पाहिलं. घशाला कडू लागलं नाही. दीड वर्ष ज्या चवीला मी औषधाचा गुण समजत होते ती माझ्या बोटाच्या एका दाबाने गेली.

बाकीचं हात धुण्याचं, बाटलीचं टोक पापणीला न लावण्याचं वगैरे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणी पाळत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि साधारण चार आठवड्यांनी, उरलेली असली तरी, फेकायची.

माझा हा अभ्यास कामाला आला तो दादामुळे. दादा मृदू कॉन्टॅक्ट लेन्स लावतो. तीन-चार महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याचा फोन, "तुझ्याकडे ते लाली घालवायचे थेंब आहेत ना? उजवा डोळा लाल झालाय, दुपारी लोकांसमोर बोलायचंय." पूर्वीची मी असते तर बाटली घेऊन निघाले असते. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाला, थोडंसं. उजेडाकडे बघवतं का? "पडदे ओढून बसलोय." लेन्स कधी काढली? तर रात्री काढायची राहिली होती. लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला आणि उजेड सोसेना, तर ती पारपटलावरच्या जखमेची किंवा संसर्गाची खूण असू शकते, आणि तिथे तास मोजायचे असतात. वरून थेंब घातले असते तर लाली उतरली असती, दादा निश्चिंत होऊन बोलायला गेला असता. मी त्याला म्हटलं, "दादा, लेन्स काढ, डबीत घालून बरोबर घे, आणि आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. थेंब मी देणार नाही." तो चिडला. माझ्यावर चिडणं त्याला सोपं जातं. पण वहिनीने ऐकलं आणि त्याला घेऊन गेली. पारपटलावर संसर्गाची छोटी जखम सुरू झाली होती. पहिले दोन दिवस तासातासाला प्रतिजैविकाचे थेंब, मग दोन आठवडे कमी कमी करत. डाग राहिला नाही. दुपारच्या भाषणाला अर्थातच कुणी दुसरा गेला.

लेन्स आणि हे थेंब यांचं एरवीही जमत नाही. टिकाऊ द्रव्य मऊ लेन्समध्ये मुरतं आणि दिवसभर डोळ्याला चिकटून राहतं. थेंब घालायचेच असतील तर लेन्स काढून, आणि पुन्हा लावण्याआधी निदान पंधरा मिनिटं थांबून. पण मुळात डोळा लाल असताना लेन्स लावायचीच कशाला, असं आता दादाच मला सांगतो, जणू ते मला माहीत नव्हतं.

मी शेवटच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं होतं की हे थेंब आता जन्मात वर्ज्य का. त्या म्हणाल्या, वर्ज्य कशाला? धुळीत दिवस गेला, पोहून आलात, एखाद्या समारंभाला जायचंय, कारण ठाऊक आहे आणि दुखत नाहीये, तर एक थेंब घाला. एक दिवस, फार तर दोन. कारण ठाऊक नसेल तर मात्र आधी कारण. खाज सुटत असेल तर ती ॲलर्जी, तिची औषधं वेगळी. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटत असतील तर संसर्ग. नवीन एक औषध आहे, ब्रिमोनिडिन, काचबिंदूसाठी जास्त तीव्रतेत वापरतात ते, ०.०२५ टक्क्यांच्या सौम्य रूपात त्याला लालीसाठी २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते रक्तवाहिन्यांवर जरा वेगळ्या ठिकाणी काम करतं आणि उलटून येणारी लाली त्याने कमी दिसते. "पण त्याच्याही पत्रकात ७२ तास लिहिलेत," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाचीन.

कोरडेपणा गेलेला नाही. तो असा जाणाराही नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो, आणि माझं कामच बघत राहण्याचं. कृत्रिम अश्रू चार वेळा, कोमट कपडा रोज एकदा, आणि दर प्रकरण संपलं की डोळे मिटून वीस आकडे. पडदा मी जरा खाली घेतलाय. नजर खाली असली की पापणी अर्धी मिटलेली राहते आणि डोळा कमी उघडा पडतो. संध्याकाळी कडा थोड्या लाल होतात, अजूनही. कुणी विचारलं तर "काम होतं" म्हणते आणि ते खरंच असतं.

मागच्या आठवड्यात आईने कपाट आवरताना ती बाटली बाहेर काढली, मी तिच्या ताब्यात दिलेली. वर कुठलीच तारीख नव्हती, आत अर्ध्याहून जास्त औषध. "अजून लागते का गं तुला?" तिने विचारलं. मी टोपण काढून ती मोरीत रिकामी केली. शेवटचे काही थेंब सुटता सुटेनात, म्हणून बाटली दाबून धरून उभी राहिले.